वेब्स्टरच्या नावाचा नियम कुठे आहे?

प्रति,
स्पर्धा समितीचे सदस्य आणि सर्व संघमालक,
नॅशनल फुटबॉल लीग, न्यूयॉर्क

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, कारण मी हिशोब मराठीत करतो आणि भांडतोही मराठीतच. भाषांतर करून घ्यायला तुमच्याकडे माणसांची वानवा नाही. शिवाय अमेरिकेतल्या ज्या मराठी आईबापांची पोरं शाळेच्या मैदानावर हेल्मेट घालून उतरतात, त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

आधी ओळख. मी मूळचा सांगलीकडचा. कॉलेजात कबड्डी खेळलो, डावा कोपरा. गेली बावीस वर्षं पिट्सबर्गच्या उत्तरेला राहतो. इथे राहून स्टीलर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं वेड न लागणं म्हणजे पंढरपुरात राहून टाळ ऐकू न येणं. घरात चाहते फडकवतात तो पिवळा टेरिबल टॉवेल आहे. आई भारतातून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने त्याने ओटा पुसला, म्हणून आता दोन आहेत. सांगायचं इतकंच, की हे पत्र खेळाच्या शत्रूचं नाही. ते तुमच्या सुरक्षेच्या नियमांबद्दल आहे, आणि त्यांतून सुटलेल्या माइक वेब्स्टर या आमच्या जुन्या खेळाडूबद्दल.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या जेम्स हॅरिसनला तुम्ही एका टॅकलसाठी (अंगावर जाऊन समोरच्याला पाडणं) ७५ हजार डॉलर दंड केलात, तेव्हा तुम्हाला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. क्लीव्हलँडचा मोहम्मद मासाक्वॉई मैदानावर आडवा पडला होता आणि आम्ही दिवाणखान्यात बसून "हा काय फुटबॉल राहिला का?" म्हणत होतो. तो सामना मी नंतर पुन्हा पाहिला. तुमचं बरोबर होतं, माझं चूक.

त्यामुळे "खेळ मिळमिळीत केला" असं रडगाणं मी गाणार नाही. ते गाणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवत नाही. १९०५ साली कॉलेजच्या पोरांचे मैदानात जीव जात होते, तेव्हा थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकणं, कायदेशीर झाला. ढिगाऱ्यात एकमेकांना चिरडणाऱ्या माणसांना जरा मोकळं करावं, हा त्यामागचा एक हेतू होता. ज्या पासवर आज तुमचा सगळा धंदा उभा आहे, तो सुरक्षेच्या खटपटीतूनच आलेला आहे.

तुम्ही अलीकडे केलेल्या बदलांपैकी हिप-ड्रॉप टॅकलवरची बंदी मला सगळ्यात लवकर पटली, आणि त्याचं कारण कबड्डी. चढाई करणारा मध्यरेषेकडे पळत सुटला की कोपऱ्याचा गडी मागून झेपावतो. कंबर हाताला लागते, पण पाय मागे पडलेले असतात आणि समोरचा आपल्याला ओढत नेतो. अशा वेळी सगळं वजन खाली सोडून त्याच्या पायावर बसून जायचा मोह होतो. आमचे सर त्यावर ओरडायचे, "लटकू नको, पाय रोव!" कारण तुमचं वजन त्याच्या पोटरीवर आलं, की त्याचं पाऊल मातीत अडकतं आणि वरचा माणूस तसाच पुढे जात राहतो. मधे घोटा असतो. मॅटवर साठ-सत्तर किलोच्या पोरांत जे होतं, तेच तुमच्याकडे शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांत होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरचा मार्क अँड्र्यूज असाच जायबंदी झाला. तुमच्याच आकड्यांप्रमाणे या प्रकारात दुखापतीचं प्रमाण नेहमीच्या टॅकलच्या वीसपट होतं. २०२४ च्या मार्चमध्ये तुम्ही बंदी घातलीत. खेळाडूंच्या संघटनेचा विरोध होता, अशा वेगात पंचाला हे दिसणार कसं हा त्यांचा प्रश्नही रास्त होता, आणि प्रत्यक्षात नियम राबवला जातो तो बहुतेक सामना संपल्यावर दंडाच्या पत्राने. तरीही मी तुमच्या बाजूने आहे.

किकऑफचं तर मनापासून कौतुक करतो. आमच्या भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: पूर्वी चेंडू लाथाडला की एका बाजूचे दहा जण पन्नास-साठ यार्ड पूर्ण वेगाने धावत यायचे आणि समोरून तेवढ्याच वेगाने येणाऱ्यांवर आदळायचे. दोन एसटी समोरासमोर. त्यावर तुम्ही बरीच वर्षं ठिगळं लावत होतात. २०११ मध्ये लाथ पाच यार्ड पुढून मारायला लावली, २०१८ मध्ये पळत येऊन सुरुवात करणं बंद केलं. परिणाम असा झाला की किकऑफ सुरक्षित झाला आणि मेला. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, तेरा किकऑफ झाले आणि तेराही टचबॅक (चेंडू परत न आणता ठरलेल्या यार्डावरून खेळ सुरू). एकही चेंडू परत आणला गेला नाही. त्या वेळात लोक चहा करून आले.

मग तुम्ही एक्सएफएल या दुसऱ्या लीगची कल्पना उचललीत आणि रचनाच बदलली. लाथ मारणारा ३५ यार्डावर एकटा, त्याचे साथीदार पार पलीकडे, प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डाच्या रेषेवर. अडवणारे त्यांच्यासमोर पाच-दहा यार्डांवर. चेंडू कोणी झेलेपर्यंत किंवा तो पडेपर्यंत कोणी हलायचं नाही. टक्कर आहेच, पण तिच्या मागची धाव काढून घेतली. पहिल्याच वर्षी परत आणलेल्या चेंडूंचं प्रमाण पाचातल्या एकावरून तिनातल्या एकावर गेलं, आणि २०२५ मध्ये टचबॅक ३५ यार्डावर आणल्यावर चेंडू परत आणणं हीच रीत झाली. खेळ रंगला आणि डोकी कमी फुटली. २०१७ च्या हंगामात सराव धरून २८१ कन्कशन (डोक्याच्या मारामुळे मेंदूला बसलेले धक्के) नोंदले गेले होते, २०२४ मध्ये १८२. या शाबासकीवर तुमचा हक्क आहे.

आता माझी तक्रार.

तुमच्या नियमपुस्तकाची पानं उलटताना एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक नियमांमागे टीव्हीवर दिसलेली एक दुखापत आहे. टेरेल ओवेन्सचा पाय २००४ च्या डिसेंबरमध्ये मोडला, २००५ मध्ये मागून कॉलर ओढण्यावर बंदी आली. टॉम ब्रेडीचा गुडघा २००८ च्या पहिल्याच सामन्यात गेला, पुढच्या वर्षी जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) पायांवर झेप घ्यायची नाही असं ठरलं. आमचा रायन शेझियर २०१७ च्या डिसेंबरमध्ये सिनसिनाटीला डोकं खाली घालून टॅकलला गेला आणि पाय हलवता येईना. तो क्षण मी अजून पाहू शकत नाही. त्यानंतरच्या मार्चमध्ये हेल्मेट खाली करून धडक देण्यावर पेनल्टी आली. जिथे कॅमेरा होता तिथे नियम आला. (कधी तोही उलटतो. क्वार्टरबॅकवर सगळं वजन टाकायचं नाही हा नियम २०१८ मध्ये तुम्ही कडक केलात, आणि मायामीचा विल्यम हेज वजन चुकवायला गेला तो स्वतःचाच गुडघा घालवून बसला.)

पण माइक वेब्स्टरच्या नावाचा नियम मला सापडत नाही.

मी इथे आलो तेव्हा वेब्स्टर वारून फार दिवस झाले नव्हते. शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते, फुटबॉलची बाराखडी मी त्यांच्याकडून शिकलो. ते क्वार्टरबॅकबद्दल फारसं बोलायचे नाहीत, बोलायचे ते ५२ नंबरच्या वेब्स्टरबद्दल. कडाक्याच्या थंडीतही बाह्या वर सारलेल्या, दंड उघडे, आणि चेंडू मागे दिला की पुढच्या क्षणी समोरच्या माणसावर कपाळ. १९७४ ते १९९०, सतरा हंगाम, चार सुपर बोल. तो सेंटर, म्हणजे पुढच्या फळीच्या मधला. सेंटरचं काम म्हणजे दर स्नॅपला (चेंडू मागे देऊन खेळी सुरू केली की) आपटणं. त्यात नाट्य काहीच नसतं. रीप्ले दाखवत नाहीत, कारण दाखवण्यासारखं काही झालेलंच नसतं.

तो माणूस शेवटी स्वतःच्या गाडीत झोपायचा. २००२ च्या सप्टेंबरमध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. इथल्या काउंटीच्या शवागारात डॉ. बेनेट ओमालू नावाच्या नायजेरियातून आलेल्या तरुण डॉक्टरने त्याचा मेंदू जपून ठेवला, तपासला आणि २००५ मध्ये त्यावर निबंध छापला. सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा रोग, हा शब्द फुटबॉलला तिथून चिकटला. लीगच्या मेंदूच्या दुखापतींच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो निबंध मागे घ्यावा अशी मागणी केली. त्या समितीचे बरीच वर्षं प्रमुख असलेले गृहस्थ सांधेदुखीचे तज्ज्ञ होते, हे मी विनोद म्हणून सांगत नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्येच, तुमच्या लीगशी जोडलेल्या निवृत्तिवेतन मंडळाने वेब्स्टरला फुटबॉलमधल्या डोक्याच्या मारामुळे कायमचं अपंगत्व आलं हे मान्य केलं होतं. म्हणजे एका टेबलावर मान्य आणि शेजारच्या टेबलावर साफ इन्कार. फुटबॉलचा आणि या रोगाचा संबंध आहे, हे तुमच्या अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांसमोर उघडपणे म्हणायला २०१६ उजाडलं.

वेब्स्टरनंतर ओमालूंनी ज्यांच्या मेंदूत हाच रोग दाखवला त्यांत टेरी लाँग आणि जस्टिन स्ट्रेल्झिक होते. दोघेही स्टीलर्सचे, दोघेही पुढच्या फळीतले लाइनमन. एकाने आत्महत्या केली, दुसरा पोलिस मागे लागलेले असताना उलट्या दिशेने गाडी हाकत टँकरवर आदळला.

बॉस्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे आलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई आढळला. यावर तुमचे वकील काय म्हणतील ते मला माहीत आहे आणि ते खोटंही नाही: ज्यांच्या घरच्यांना शंका असते तेच मेंदू दान करतात, म्हणून दर दहा खेळाडूंत नऊ आजारी असा त्याचा अर्थ होत नाही. मान्य. पण त्याच वर्षी त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट मांडली, तिच्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. रोग किती वाढणार, हे नोंदलेल्या कन्कशनच्या संख्येवरून नीट कळत नाही. खेळलेल्या सगळ्या वर्षांत डोक्याने मिळून किती मार सोसला, त्यावरून जास्त कळतं. म्हणजे १८२ हा आकडा कमी झाला याचा आनंद जरूर करा, पण वेब्स्टरला जे मारत होतं ते त्या आकड्यात येतच नाही.

हे मला वाचून कळलं असतं तर कदाचित विसरलोही असतो. पण माझा मुलगा शाळेत दोन वर्षं लाइनमन होता. चांगले प्रशिक्षक, चांगली शाळा, कसलीही तक्रार नाही. त्याला एकदाही कन्कशन झालं नाही, एकदाही चक्कर आली नाही. हंगाम संपल्यावर एका रविवारी हेल्मेट परत करायचं म्हणून गॅरेजमध्ये पुसायला बसलो. कपाळाच्या जागी, दोन तळव्यांएवढ्या पट्ट्यात, रंग होते. निळे, जांभळे, नारिंगी ओरखडे, एकावर एक. समोरच्या शाळांच्या हेल्मेटांचे रंग. काही साबणाने निघाले, काही निघाले नाहीत. बाजूंना आणि मागे हेल्मेट जवळपास कोरं होतं. पुढच्या वर्षी एका संध्याकाळी सराव बघायला गेलो आणि नुसतं मोजत बसलो, त्याचं कपाळ किती वेळा लागतं ते. चाळीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. घरी येताना गाडीत तो भूक लागली म्हणत होता, गणिताच्या सबमिशनबद्दल बोलत होता. काहीच झालेलं नव्हतं.

तुमचा सेंटर एका सामन्यात साठ-पासष्ट स्नॅप खेळतो. सतरा सामन्यांचे हजाराच्या वर झाले, सराव वेगळा. २०२० च्या हंगामापर्यंत सोळाच सामने होते. आता कमिशनर रॉजर गुडेल अठराव्याचं बोलतात. अठरावा आला की सोळाच्या तुलनेत वर्षाला सव्वाशे स्नॅप वाढले. हिप-ड्रॉप बंद करून वाचवलेले घोटे आणि किकऑफ बदलून वाचवलेली डोकी एका पारड्यात ठेवा, हे दुसऱ्या पारड्यात. "बदल्यात एक सराव-सामना कमी करू" हे ऐकवू नका. हंगामापूर्वीच्या त्या सामन्यांत मुख्य खेळाडू पाणी पिऊन बाकावर बसलेले असतात, ते सगळं शहर बघतं. वाढतात ते खऱ्या सामन्यांचे स्नॅप, आणि ते खेळणारी माणसं तीच.

वेळापत्रक हाही सुरक्षेचाच विषय आहे, हे तुम्हाला मायामीचा तेव्हाचा क्वार्टरबॅक तुआ तागोवाइलोआ याने शिकवलं असेल असं वाटलं होतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रविवारी तो बफेलोविरुद्ध पडला, उठला, लडखडला, आणि पाठीचं दुखणं ठरवून त्याला परत खेळवलं. गुरुवारी, चार दिवसांनी, सिनसिनाटीत त्याच्या डोक्याला मार लागला आणि हाताची बोटं वाकडी होऊन ताठली. लिहिलेली पद्धत पाळली गेली होती, असं चौकशीत निघालं. मग पद्धतच बदलली, तोल जाणं दिसलं की त्या दिवशी परत खेळायचं नाही असं आलं. चांगलं झालं. पण रविवारनंतर गुरुवारी सामना ठेवायचा हा निर्णय कोणाचा होता? तो आजही ठेवला जातो.

उपाय तुमच्याकडे नाहीत असंही नाही. २०१० मध्ये गुडेल यांनीच टीव्हीवर म्हटलं होतं की लाइनमनने एक हात जमिनीला टेकून, डोकं पुढे करून सुरुवात करण्याची पद्धत कदाचित काढावी लागेल. पंधरा वर्षं उलटली. किकऑफमध्ये धाव कापता आली, तर ही सुरुवातीची पद्धत बदलून बघायला काय हरकत आहे? पुढच्या फळीचं सगळ्यात मोठं भलं कशाने झालं ते पाहा. २०११ च्या करारात हंगामातले पूर्ण पॅड घालून होणारे सराव चौदावर आणले गेले. तो बदल तुमच्या समितीने नियमपुस्तकात लिहिलेला नव्हे. तो खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटीत मिळवला.

माझं मागणं फार नाही. अठरावा सामना सोडून द्या, कितीही पैसे दिसत असले तरी. मार मोजणारे सेन्सर बसवलेले माउथगार्ड तुम्ही काही संघांत वापरून पाहिलेच आहेत. ते सगळ्यांना द्या आणि कन्कशनच्या आकड्याबरोबर दर फेब्रुवारीला आणखी एक आकडा छापा: सेंटर, गार्ड, टॅकल, लाइनबॅकर अशा प्रत्येक जागेवरच्या खेळाडूने हंगामात सरासरी किती मार डोक्यावर घेतले. नावं नकोत, जागेप्रमाणे आकडे द्या. आईबापांना तो बघून ठरवू दे पोराला कुठे उभं करायचं ते. आणि निवृत्तीनंतर पाच वर्षं आरोग्यविमा देता तो वाढवा. वेब्स्टर शेवटचा हंगाम १९९० मध्ये खेळला. पाच वर्षं धरली तर विमा १९९५ ला संपला असता, आणि त्याची खरी वाताहत त्या सुमारासच दिसू लागली होती.

डामार हॅमलिन आमच्या शेजारच्या मकीज रॉक्सचा, पिट्सबर्ग विद्यापीठात खेळलेला. २०२३ च्या २ जानेवारीला एका साध्या टॅकलनंतर त्याचं हृदय थांबलं, तेव्हा काही सेकंदांत सहायक ट्रेनर त्याच्यापाशी होता आणि छाती दाबायला लागला. पोरगा वाचला आणि परत खेळला. अशी वेळ येईल हे धरून तुम्ही माणसं आणि यंत्रं तयार ठेवली होती, प्रत्येक मैदानावर, प्रत्येक सामन्याला. कधीतरी होईल अशा गोष्टीसाठी इतकी तयारी तुम्हाला जमते. स्नॅप तर दर चाळीस सेकंदांनी होतो.

कळावे,

आपला,
पिट्सबर्गच्या उत्तरेचा एक स्टीलर्सवाला, पूर्वीचा डावा कोपरा

ता. क. मैदानाच्या गवताबद्दल वेगळं पत्र लिहायचा विचार आहे. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने खऱ्या हिरवळीची अट घातली आणि न्यूयॉर्कजवळच्या मेटलाइफ स्टेडियमपासून डॅलसपर्यंत तुमच्या प्लास्टिकच्या मैदानांवर ती अंथरायचं ठरलं. तुमचे स्वतःचे खेळाडू ती किती वर्षं मागताहेत, ते संघटनेला विचारा.